टीव्हीतल्या मॅडम आणि कलम अकरा

दूरशिक्षण विभागाचे प्रमुख प्राध्यापक सावळाराम गावडे यांचं ठाम मत होतं, की हा विभाग नीट चालायचा असेल तर प्रमुखानं त्यापासून दूर राहिलं पाहिजे. हे तत्त्व त्यांनी कित्येक वर्षं निष्ठेनं पाळलं होतं. संस्थेचं कॉलेज शिरूर तालुक्यात. एक अभ्यासकेंद्र शिक्रापुरात, हायवेला लागून. दुसरं नदीपलीकडं, दौंड तालुक्यातल्या खुटबावात. आणि सरांची खुर्ची दोन्ही केंद्रांपासून सारख्याच सुरक्षित अंतरावर, कॉलेजच्या पहिल्या मजल्यावर. त्यांचा विषय इतिहास. त्यात नवीन काही घडत नाही, ही त्या विषयाची जमेची बाजू.

विभाग खरा चालवायच्या त्या खुर्शिद तांबोळी मॅडम. अर्थशास्त्राच्या. कंत्राटी. उन्हाळ्यात त्यांची नेमणूक संपायची आणि पावसाळ्यात नव्यानं व्हायची. मधल्या काळात त्या काय करतात, हे विचारायचा संस्थेत प्रघात नव्हता. त्या विद्यार्थ्यांचे स्वाध्याय तपासत बसायच्या, असं पुढं कळलं.

आता कलम अकराची गोष्ट सांगायची तर करार कसा जन्माला आला, ते आधी सांगितलं पाहिजे.

कॉलेजात मूल्यांकन समिती यायची होती आणि समितीला, इतर शंभर कागदांबरोबर, दूरशिक्षणाबाबत अध्यापकांशी केलेला करार बघायचा होता. संस्थेचे सचिव सम्राट टकले म्हणजे अध्यक्ष हरिबा आबांचे चिरंजीव. पुण्यात एमबीए करून आलेले. वयानं सरांच्या विद्यार्थ्यांएवढे, पण सगळे प्राध्यापक त्यांना दादा म्हणत. वयापेक्षा पद मोठं असतं, हे प्राध्यापकाला कुणी शिकवावं लागत नाही.

"सर, एक करार लागेल," दादा म्हणाले. "उद्या."

"कसला करार, दादा?"

"चांगला."

सरांनी इंटरनेटवर शोधाशोध केली. कुठल्याशा थंड मुलखातल्या विद्यापीठानं आपल्या प्राध्यापकांशी केलेला लांबलचक करार हाती लागला. तो त्यांनी कॉम्प्युटरला मराठी करायला दिला. कॉम्प्युटरनं चहा उकळेस्तोवर मराठी करून दिला. मग जिथं जिथं त्या विद्यापीठाचं नाव होतं, तिथं सरांनी संस्थेचं नाव घातलं. वाचायचं तेवढं राहिलं. त्यामुळं एका कलमात असंही राहून गेलं, की हिमवादळामुळे रस्ते बंद पडल्यास अध्यापकास घरून शिकवण्याची मुभा असेल. समितीतल्या एका सदस्यानं नेमकं तेवढंच कलम वाचलं, आणि अहवालात 'हवामानबदलाचा दूरदृष्टीने विचार' असा शेरा मारला. संस्थेचा दर्जा वाढला.

करारावर सह्या करायचा जाहीर समारंभ झाला. मांडव, शाली, नारळ. हरिबा आबांनी सह्या केल्या आणि कंत्राटी प्राध्यापकांनी रांगेनं केल्या. सही करण्याआधी कागद वाचणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणं, असं आपल्याकडं मानतात. त्यामुळं कुणी वाचलं नाही. तांबोळी मॅडम मात्र टेबलापाशी उभ्या राहून पान उलटत राहिल्या. मागं रांग खोळंबली.

"मॅडम, पेपर तपासताय का?" मागून कुणीतरी ओरडलं.

"तपासतेय," मॅडम म्हणाल्या. "पास झालाय." आणि सही केली. मांडवातून खाली उतरल्यावर त्या सरांना म्हणाल्या, "सर, कलम अकरा फार छान लिहिलंय तुम्ही."

"हां," सर म्हणाले. "त्यावर जरा मेहनत घेतली."

घरी जाऊन कलम अकरा बघावं, असं त्यांच्या मनात आलं होतं. पण जेवण झालं आणि ते मागं पडलं.

ते त्यांनी वाचलं यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर, सम्राटदादांच्या केबिनमध्ये, दादांच्या बोटाखाली. कलम असं होतं: दूरशिक्षणासाठी चित्रित केलेलं व्याख्यान ही त्या अध्यापकाची निर्मिती राहील, तो अध्यापक तो विषय स्वतः शिकवत असेल तोवरच संस्थेला ते वापरता येईल, आणि चित्रित व्याख्यान कोणत्याही केंद्रावर प्रत्यक्ष अध्यापकाची जागा घेणार नाही.

"हे काय आहे, सर?" दादांनी विचारलं.

सरांनी पुन्हा वाचलं. लिहिलेलं खरोखर छान होतं.

दादांचा बेत सरळ होता. तांबोळी मॅडमनी दोन वर्षांपूर्वी अर्थशास्त्राचा सगळा अभ्यासक्रम कॅमेऱ्यापुढं शिकवून ठेवला होता. ती व्याख्यानं पोरांना आवडत. यंदा संस्था आणखी गावांत केंद्रं काढणार होती. प्रत्येक केंद्रात एक मोठा टीव्ही लावायचा, टीव्हीत मॅडम लावायच्या, आणि खुद्द मॅडमची नेमणूक यंदा करायची नाही. एकदा दुधाची पावडर झाली, की म्हैस कशाला सांभाळायची, असा तो हिशेब. मध्ये फक्त कलम अकरा उभं होतं.

"वकील म्हणतायत दोन रस्ते आहेत," दादा म्हणाले. "एक तर मॅडमनी सही द्यायची, की हे कलम वगळायला माझी हरकत नाही. नाहीतर ज्यानं ड्राफ्ट केला त्यानं म्हणायचं, की ही टायपिंगची चूक आहे. ड्राफ्ट कुणी केला, सर?"

सर म्हणाले, "मी आधी मॅडमना भेटून येतो."

रविवारी ते शिक्रापूरला गेले. विभागप्रमुख म्हणून केंद्राला दिलेली ही त्यांची पहिलीच भेट. चौकात कंटेनर आणि ट्रक असे अडकून बसले होते, की गावातली दोन लग्नं तेवढ्यात जमून मोडली असती. केंद्र एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये होतं. खाली साखरपुडा चालला होता, त्यामुळं जिन्यात जिलेबीचा वास होता आणि वर अर्थशास्त्र.

सर दाराशी थबकले. भिंतीवरच्या टीव्हीत तांबोळी मॅडम शिकवत होत्या. आणि टीव्हीशेजारी, हातात रिमोट घेऊन, तांबोळी मॅडमच उभ्या होत्या. टीव्हीतल्या जरा बारीक होत्या आणि घाबरलेल्या दिसत होत्या. बाहेरच्या अजिबात घाबरलेल्या नव्हत्या. समोर कंपन्यांच्या निळ्या-करड्या शर्टांतली पोरंपोरी. बरीचशी पाळी संपवून तशीच आलेली. एक जण तर बाकावर डोकं टेकून गाढ झोपला होता.

"कंत्राटी कामगार म्हणजे," टीव्हीतल्या मॅडम सांगत होत्या, "विशिष्ट आणि तात्पुरत्या कामासाठी ठेकेदारामार्फत घेतलेला कामगार."

"थांबवा, मॅडम!" मधल्या बाकावरून एक मुलगी ओरडली.

सर दाराआड सरकले. शिकवताना कुणी मध्येच 'थांबवा' म्हणतं, हे त्यांनी उभ्या नोकरीत ऐकलं नव्हतं. त्यांच्या वर्गात थांबवण्यासारखं काही चालू असायचंच नाही. मॅडमनी मात्र शांतपणे रिमोट दाबला. टीव्हीतल्या मॅडम तोंड उघडं ठेवून थिजल्या.

"बोल, मोनिका."

"ह्या बाई म्हणत्यात तात्पुरतं काम. मी आमच्या लाईनवर कवाची हाय, सांगू का? मी आले तवा लाईन हिरवी व्हती. मग पिवळी केली. आता निळी हाय. लाईन परमनंट हाय मॅडम, मीच तात्पुरती."

"रंग बी तात्पुरताच की मग," फोर्कलिफ्ट चालवणारा संपत मागून म्हणाला. "तू एकटीच काय रडती?"

"रंगाला बोनस लागत न्हाई, मुडद्या."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्या वळल्या आणि टीव्हीतल्या स्वतःकडं बघून म्हणाल्या, "ऐकलंत का, बाई? पुस्तकातून वाचून सांगत होतात ना? काय उत्तर आहे तुमच्याकडं?"

टीव्हीतल्या मॅडमकडं उत्तर नव्हतं.

"ह्यांना सांभाळून घ्या," मॅडम वर्गाला म्हणाल्या. "ह्या तेव्हा कॅमेऱ्याशी बोलत होत्या. कॅमेरा काही विचारत नाही. आता मला सांगा, काम तात्पुरतं असणं वेगळं आणि माणूस तात्पुरता असणं वेगळं. मग व्याख्या कुठं मोडायची?"

पुढं जे झालं त्याला सर शिकवणं म्हणायला तयार नव्हते, पण दुसरा शब्दही सुचत नव्हता. सगळे एकदम बोलत होते. संपत ठेकेदाराची बाजू घेऊन भांडायला लागला, कारण कुणीतरी घ्यायलाच पाहिजे, असं मॅडमनी त्याला सांगितलं होतं. बिहारकडचा एक मुलगा हिंदीत काही म्हणाला, त्याचं मोनिकानं मराठी केलं, आणि करता करता त्यात स्वतःची दोन वाक्यं घातली. मॅडम मध्ये फारशा बोलत नव्हत्या. फळ्यावर एकेक शब्द लिहीत होत्या, पुसत होत्या, कुणी लांब भरकटलं की त्याच शब्दाकडं बोट दाखवत होत्या. हळूहळू फळ्यावर एक वाक्य उभं राहिलं. ते पुस्तकातलं नव्हतं आणि मोनिकाचंही नव्हतं. पण वर्गातल्या प्रत्येकाला ते आपलं वाटत होतं, हे सरांना दाराशी उभं राहूनही दिसत होतं.

"आता नीट ऐका," मॅडम म्हणाल्या. "परीक्षेत आधी टीव्हीतल्या बाईंची व्याख्या लिहायची. गुण त्यांच्याकडं आहेत. त्याखाली ही लिहायची. तपासणारा जागा असला तर हिलाही देईल."

"आन् झोपला असला तर?"

"तर पहिलीचे मिळालेच."

झोपलेल्या मुलाला एकानं कोपरानं डिवचलं, तशी मॅडम म्हणाल्या, "राहू दे रे त्याला. रात्रपाळी करून आलाय. त्याच्यासाठी टीव्हीतल्या मॅडम आहेत. त्या कितीही वेळा सांगतात, चिडत नाहीत. माझं तसं नाही."

तास संपल्यावर हॉलच्या गॅलरीत चहा आला. खालून साखरपुड्यातली जिलेबीही आली. मोनिकाचं खाली नातं निघालं होतं. सरांनी मॅडमचं थोडं कौतुक केलं, थोडा घसा खाकरला, आणि दादांनी दिलेला कागद काढला. मॅडमनी तो अर्थातच सगळा वाचला.

"टंकलेखनातील चूक," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "सर, कलम अकरा तुमच्याकडून चुकून पडलं?"

"दादांचं म्हणणं तसं आहे," सर म्हणाले.

"आणि तुमचं?"

सरांनी जिलेबीचा तुकडा तोंडात टाकला. जिलेबीचा हा एक मोठा उपयोग आहे.

"मी सही करणार नाही, सर," मॅडम म्हणाल्या. "रागावू नका. तुम्हाला वाटेल, नोकरीसाठी म्हणतेय. तर हो, नोकरीसाठीही म्हणतेय. खोटं कशाला बोलू? घरात दोन माणसं माझ्या पगाराकडं बघतात. पण नुसतं तेवढं नाही. त्या टीव्हीतल्या बाईला गावोगाव एकटीला पाठवू नका. तिला थांबवायला कुणी नसलं, तर ती तेच तेच सांगत राहील. आणि तेही माझ्या तोंडानं."

सरांनी कागद परत खिशात घातला, तेव्हा त्याची घडी नीट बसेना.

शेवटी प्रकरण आबांपुढं गेलं. हरिबा आबांचं सगळं तरुणपण मेंढरांमागं गेलेलं. मग पाणी आलं, ऊस आला, घर एका जागी बसलं आणि आबांनी कॉलेज काढलं. आपली पोरं मेंढरांच्या फिरत्या वाड्यावर वाढली, दुसऱ्याची बाकावर वाढू देत, असं ते उद्घाटनाला म्हणाले होते. संस्थेच्या ऑफिसात ते क्वचित येत, आणि आले की अध्यक्षांच्या फिरत्या खुर्चीत मांडी घालून बसत. खुर्ची फिरू नये म्हणून शिपाई मागून धरून उभा राही.

"काय लिवलंय ते मराठीत सांगा," आबा म्हणाले.

"आबा, मराठीतच आहे," सर म्हणाले.

"मग माझ्या मराठीत सांगा."

"मी सांगतो," सम्राटदादा पुढं सरसावले. "सिम्पल आहे, आबा. कॅमेरा आपला. हॉल आपला. लाईट आपली. पगार आपण दिला. मग तयार झालेला व्हिडिओ कुणाचा?"

"आपला."

"झालं तर. आणि हे कलम म्हणतंय, मॅडमचा. शिवाय म्हणतंय, व्हिडिओ वापरायचा तर मॅडमना पण ठेवा."

आबांनी मॅडमकडं बघितलं. "पोरी, हे काय बरुबर दिसत न्हाई मला."

सरांना वाटलं, संपलं. मॅडम मात्र वर्गात उभ्या राहिल्यासारख्या उभ्या राहिल्या.

"आबा, तुमचा वाडा आमच्या पाबळच्या रानात उतरायचा. आठवतंय?"

"पाबळला? कुणाची तू?"

"पाशाभाई तांबोळ्यांची."

"पाशाभाईची लेक व्हय तू!" आबा खुर्चीत असे उसळले, की शिपायाला खुर्ची दोन्ही हातांनी धरावी लागली. "आरं तिच्या! आन् इतकी वर्सं बोलली न्हाई ते? तुझ्या बापानं मला कवा बिन-जेवता जाऊ दिलं न्हाई. बाजरी मोजताना मातूर हात आखडता."

"हात अजून तसाच आहे," मॅडम म्हणाल्या. "आबा, तेव्हा रात्रभर तुमची मेंढरं आमच्या रानात बसायची. सकाळी जे लेंडीखत पडलेलं असायचं, ते कुणाचं?"

"तुझ्या बापाचं. रान त्याचं, बाजरी त्यानं दिल्याली."

"बरोबर. मग व्हिडिओही दादांचा. मी हक्क सांगत नाही. कलमात माझा म्हटलंय, तरी मी सोडला. कुठल्याही केंद्रात लावा."

सम्राटदादांनी सरांकडं विजयानं बघितलं. सरांना कळेना, ही बाई स्वतःचा खटला स्वतःच का हरतेय.

"पण मेंढरं कुणाची?" मॅडमनी विचारलं.

"मेंढरं माझी! ती घिऊन मी म्होरल्या रानात जानार."

"आणि पुढच्या वर्षी वडील म्हणाले असते, हरिबा, गेल्या साली खत पडलंय, आता तुझ्या मेंढरांचं काम नाही, तर?"

आबा मोकळं हसले. "तर त्याच्या रानात काय उगवलं ते बघाया मी मुद्दाम गेलो असतो. आगं, खत एका सालाचं. रान दरसाली नवं मागतंय. परत बोलवाया लागतंय."

"एवढंच कलम अकरात आहे," मॅडम म्हणाल्या आणि बसल्या.

सरांनी इतकी वर्षं शिकवलं होतं. पण अवघड गोष्ट समोरच्याच्या घरातून उचलून त्याच्याच हातात ठेवणं आणि वर त्याला ती स्वतःलाच सापडली असं वाटू देणं, हे त्यांनी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं. शिक्रापुरात तेच पाहिलं होतं. तिथं मात्र वर्ग मोनिकाचा होता. इथं वर्गात संस्थेचे अध्यक्ष बसले होते आणि त्यांनाही कळलं होतं.

"आबा, व्हिडिओ म्हणजे खत नव्हे," दादा वैतागून म्हणाले. "खत संपतं. व्हिडिओ संपत नाही. एकदा केला की कायमचा."

"रानात जे कवाच संपत न्हाई," आबा म्हणाले, "त्याला दगूड म्हन्त्यात."

शिपाई खुर्चीमागं तोंड लपवून हसला. दादांनी मात्र हार मानली नव्हती. एमबीएत तेवढं शिकवतात.

"ठीक आहे, कलम चांगलं असेल," ते म्हणाले. "पण ते आपण घातलेलंच नाही. चुकून पडलंय. ज्यांनी करार लिहिला ते इथं बसलेत. सर, सांगा आबांना. टायपिंगची चूक आहे ना?"

"सर?" आबांनी विचारलं. "चूक हाय का?"

सगळ्यांनी सरांकडं बघितलं. मॅडमनीही बघितलं. त्यांच्या नजरेत आर्जव नव्हतं. एखाद्या कच्च्या विद्यार्थ्याकडं, याला येईल, अशा खात्रीनं बघावं, तसं त्या बघत होत्या. ते जास्त अवघड होतं.

खरं उत्तर 'चूक' हेच होतं. ते कलम सरांनी लिहिलं नव्हतं. वाचलंही नव्हतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं आणि घरी जाऊन झोपायचं होतं. पण त्याच क्षणी त्यांच्या मनात एक चमत्कारिक विचार आला. त्या थंड मुलखात हे वाक्य काही आपोआप उगवलं नसणार. तिथल्या कुणा मास्तरांनी, अंगावर चार-चार स्वेटर चढवून, दादांसारख्याच कुणापुढं बसून, भांडून ते लिहून घेतलं असणार. आणि ते फुकटात आपल्या दारी चालत आलंय. ते आपण पुसायचं?

"चूक नाही, आबा," सर म्हणाले. "विचार करून घातलंय."

"तुम्ही?" दादांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. "विचार करून?"

"हो, दादा."

"आणि ते हिमवादळ? तेही विचार करूनच?"

सरांनी मान डोलावली. आता माघार घेण्यात अर्थ नव्हता.

"कसलं वादळ?" आबांनी विचारलं.

"बर्फाचं, आबा. शिरूर तालुक्यात बर्फाचं वादळ आलं, तर घरून शिकवायची मुभा आहे."

आबांनी क्षणभर विचार केला. "आसूं दे की," ते म्हणाले. "वादळ काय सांगून येतंय व्हय? सरांनी लांबचं बगितलंय."

अशा रीतीनं प्राध्यापक गावडे यांनी जन्मात पहिल्यांदा धाडस केलं, तेही दुसऱ्याच्या मजकुरावर. पण धाडसाच्या बाबतीत मूळ लेखक कोण, हे फारसं कुणी विचारत नाही.

कलम राहिलं. मॅडमची नेमणूक झाली. आणि दादांनी, कलम अकरा काळजीपूर्वक वाचून, त्याचा सूड त्यातूनच उगवला. प्रत्येक केंद्रावर प्रत्यक्ष अध्यापक हवा, असं कलम म्हणतंय ना? तांबोळी मॅडम रविवारी शिक्रापुरात असतात. मग खुटबावला कोण? विभागप्रमुख.

पहिल्या रविवारी सर खुटबावच्या शाळेत हातात रिमोट घेऊन उभे होते. आदल्या दिवशी त्यांनी मॅडमना फोन केला होता. "मला अर्थशास्त्र येत नाही," ते म्हणाले होते. "मी करायचं काय?"

"काही नाही, सर. थांबवावंसं वाटलं की थांबवा. पुढचं वर्ग बघतो."

वर्गात बायका जास्त होत्या. पुढच्याच बाकावर सखूबाई. वयानं सरांएवढ्या. सून बी. ए. करतेय तर आपण का नको, म्हणून नाव घातलेल्या. सून मागच्या बाकावर बसली होती, आणि त्यामुळं दोघी खूश होत्या.

"पूर्वीच्या काळी खेड्यात पैसा नव्हता," टीव्हीतल्या मॅडम सांगत होत्या. "सगळे व्यवहार धान्यावर चालत."

सर खिडकीबाहेर बघत होते. वाक्य कानावर पडलं, पुढं गेलं, आणि मग काहीतरी टोचलं. त्यांनी रिमोट दाबला. चुकून आवाज वाढला. दुसऱ्यांदा दाबला तेव्हा मॅडम थांबल्या.

"हे बरोबर नाही," सर म्हणाले. कुणाला उद्देशून, ते त्यांनाही कळलं नाही.

"काय झालं, सर?" सखूबाईंनी विचारलं.

"म्हणजे धान्यावर चालायचं, ते खरंच. पण पैसा नव्हता असं नाही. याच भागातल्या गावांचा शेतसारा पेशवाईत रोखीनंसुद्धा भरला जायचा. मग तो रोख पैसा गावात यायचा कुठून? कुणाकडं असायचा?"

वर्गात चुळबूळ झाली.

"मंजी तुमी मॅडमशी भांडताय?" सखूबाई म्हणाल्या.

"भांडत नाही. म्हणजे… हो. त्यांचं चुकलंय."

"मॅडम चुकत न्हाईत," मागून सून म्हणाली.

"आगं, ह्या टीव्हीतल्या हायत. टीव्हीतली मान्सं चुकत्यात. रोज सांजच्याला बगती न्हवं तू?" सखूबाईंनी सुनेला गप्प केलं आणि सरांकडं वळल्या. "पन सर, तुमचं खरं कशावरनं? पुरावा काय तुमच्याकडं?"

पुरावा. सर दोन तपं इतिहास शिकवत होते. हा शब्द त्यांनी स्वतः फळ्यावर कितीदा लिहिला होता. त्यांना तो कुणी मागितला मात्र नव्हता. त्यांच्या अंगात काहीतरी हललं. पहिल्यांदा त्यांना ती भीती वाटली. ती भूक होती, हे जरा वेळानं कळलं.

"पुढच्या रविवारी आणतो," ते म्हणाले.

सोमवारी मॅडमचा फोन आला. "सर, तुम्ही मला थांबवलंत म्हणे."

"हो… जरा ते साऱ्याचं…"

"कळलं मला. सखूबाईंनी शिक्रापूरपर्यंत पोहोचवलंय. आमचे सगळे तुमच्या बाजूनं झालेत, संपत सोडून. त्याला कुणाच्या तरी विरुद्ध असावंच लागतं." मॅडम हसत होत्या. मग जरा थांबल्या. "पण सर, मी ते पुस्तकातून घेतलं होतं. पुस्तकातच चूक असेल, तर तो भाग मला परत चित्रित करायला लागेल. तुमच्याकडं खरंच काही आहे?"

"आहे," सर म्हणाले. मग प्रामाणिकपणे म्हणाले, "असायला पाहिजे. शोधतोय."

तो आठवडा प्राध्यापक गावडे कॉलेजात कुणाला सापडले नाहीत. ते ग्रंथालयात होते. ग्रंथपालाला आधी वाटलं, ऑडिट आलंय. मग सरांनी पेशवे दप्तरातल्या जुन्या कागदांचे छापील खंड मागितले, तेव्हा त्यांच्यावरची धूळ झटकायलाच अर्धा दिवस गेला.

रविवारी ते पिशवीत तीन जाडजूड खंड घेऊन खुटबावला पोहोचले. वर्ग आधीच भरला होता. सखूबाई शेजारणीला घेऊन आल्या होत्या. तिचं नाव कॉलेजात नव्हतं, पण जिथं भांडण असेल तिथं ती असते, असं सखूबाईंनी सांगितलं.

"आणला का पुरावा?" शेजारणीनं विचारलं. सरांशी तिची ओळख व्हायची होती.

"आणलाय," सर म्हणाले, आणि टीव्ही लावायच्या आधीच बोलायला लागले.